बाबांचा प्रभाव

मोठीच्या घरच्यांची कोणाशीच ओळख नव्हती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. बाबा कार्यालयांत पडदे बसवत आणि आई त्या पडद्यांच्या कडा शिवत असे; त्यामुळे शहरातल्या निम्म्या वजनदार माणसांच्या खिडक्या या कुटुंबाला इंचाइंचाने ठाऊक होत्या. त्या माणसांना मात्र हे कुटुंब ठाऊक नव्हते. फरक एवढाच होता आणि तो कोणत्याही शिडीवर चढून भरून निघणारा नव्हता.

मोठी वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला होती. तिच्या पाठीवर एक धाकटा होता, म्हणून ती मोठी. घराला एका वेळी एकाच मुलाचे कॉलेज झेपत असे. मोठी बाहेर पडली की धाकट्याने आत जायचे, हे इतके जुने ठरलेले होते की त्याविषयी आता कोणी बोलतही नसे. नेमका त्याच वर्षी कॉलेजने नवा नियम काढला. प्रत्येकाने वित्तक्षेत्रातल्या कार्यालयात इंटर्नशिप करायची आणि सत्र संपण्यापूर्वी तिथल्या प्रमुखाचे प्रमाणपत्र सादर करायचे. ते नसेल तर अंतिम परीक्षेला बसता येणार नाही, वर्ष पुन्हा करावे लागेल. जागा शोधून देण्याची जबाबदारी कॉलेजने स्वीकारली नव्हती. "विद्यार्थ्यांनी स्वतःच्या बळावर उभं राहायला शिकलं पाहिजे," असे समन्वयक सरांनी भर सभागृहात सांगितले. त्यांची स्वतःची कन्या त्या वेळी त्यांच्या साडूच्या कंपनीत रुजू होऊन महिना लोटला होता.

वर्ष पुन्हा करणे म्हणजे धाकट्याचे वर्ष खाणे, हे मोठीला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. तिने अर्ज करायला सुरुवात केली. बँका, विमा कार्यालये, कर सल्लागार, शेअर दलाल, जिथे म्हणून आकड्यांशी संबंध येत होता तिथे तिथे अर्ज गेला. उत्तर कुठूनच येईना. तेव्हा ती प्रत्यक्ष जाऊ लागली आणि स्वागतकक्षातल्या मुलींशी तिचे जे संभाषण होई, ते सगळीकडे जवळपास सारखेच असे.

"मेल करा."

"केला होता."

"मग उत्तर येईल."

"महिना झाला."

"मग नाही येणार."

वर्गातल्या इतरांची सोय लागत गेली. कोणाला काकांनी घेतले, कोणाला मावशीच्या यजमानांनी. एका मुलाला तर सारा वर्ग 'भाचा' म्हणत असे, कारण त्याचे प्रत्येक दुसरे वाक्य मामांपासून सुरू होई. त्याने एकदा कॅन्टीनमध्ये चौकशी केली.

"तुझं अजून कुठे जमलं नाही?"

"अर्ज केलेत."

"अर्ज?" भाचा मनापासून चकित झाला. "अगं, अर्ज शेवटी करायचा असतो! आधी जागा मिळते. मग ते म्हणतात, एक अर्ज देऊन ठेव, फाइलला लागतो."

त्याच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती. असती तर मोठीला चीड तरी आली असती. जन्मभर दार उघडेच पाहिलेला मुलगा होता तो. दाराला कडी असते हे त्याला कोण सांगणार?

मग एका नावाजलेल्या गुंतवणूक कंपनीने जाहीर केले की यंदा त्यांच्याकडच्या इंटर्नशिपसाठी लेखी परीक्षा होईल आणि निवड केवळ गुणवत्तेवर होईल. मोठीने ती परीक्षा दिली. पेपर सोडवताना कितीतरी दिवसांनी तिला आपण माणूस असल्यासारखे वाटले, कारण त्या कागदावरचा एकही प्रश्न 'तुम्ही कोणाच्या?' असा नव्हता. पुढच्याच आठवड्यात फोन आला. ती अंतिम यादीत होती आणि गुरुवारी तिला भेटीला बोलावले होते.

फोन आला तेव्हा बाबा घरात पडद्यांच्या सळया कापत बसले होते. कंपनीचे नाव ऐकताच त्यांनी करवत खाली ठेवली.

"अगं, ते ऑफिस तर माझं आहे!"

"तुमचं?" आईने शिवणयंत्रावरून मान वर केली. "कधी घेतलंत? मला बोलला नाहीत."

"थट्टा नको. मोठ्या साहेबांच्या केबिनचे पडदे मी बसवलेत. स्वतः बघायला उभे होते. काम झाल्यावर म्हणाले, वा, झकास झालं. काही लागलं तर सांगा हं."

मोठीने ते ऐकले आणि सोडून दिले. बाबांनी सोडले नाही. साहेबांनी ते वाक्य पाणी आणून देणाऱ्यापासून लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यापर्यंत किती जणांना वाटले असेल, याची मोजदाद त्यांनी स्वतःही ठेवली नसेल. वरच्या माणसाला अशी वाक्ये फुकट पडतात. खालचा माणूस ती जपून ठेवतो, आणि फार अडचण आली तरच वापरायची असे ठरवून वर्षानुवर्षे वापरत नाही. बाबांनी पडदे बसवून दोन वर्षे झाली होती. या दोन वर्षांत त्यांना पुष्कळ काही लागले होते, तरी त्यांनी साहेबांना काही सांगितले नव्हते. आता मात्र आपली वेळ आली, असे त्यांना वाटले. बुधवारी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, मापे घ्यायला जातो म्हणून सांगितले आणि ते घराबाहेर पडले.

गुरुवारी मोठी कंपनीत पोचली, तेव्हा तिला भेटीच्या दालनात न नेता मनुष्यबळ विभागातल्या बाईंच्या लहानशा खोलीत बसवण्यात आले. बाई वयाने आईएवढ्या होत्या. त्यांनी तिच्यासाठी पाणी मागवले. उमेदवारासाठी पाणी मागवणे हे सुलक्षण नव्हे, हे मोठीला आतापर्यंतच्या अनुभवाने कळले होते.

"परीक्षेत तुझे गुण सर्वांत जास्त आहेत," बाई म्हणाल्या. "म्हणून आजची भेट रद्द न करता तुला येऊ दिलं. फोनवर सांगणं बरं दिसलं नसतं."

मोठीने पाण्याचा पेला उचलला.

"काल एक गृहस्थ सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेले. देखभालीचं काम असेल म्हणून कोणी अडवलं नाही. त्यांनी तुझं नाव घेतलं, मुलीकडे लक्ष असू द्या म्हणाले. तुझे कोण ते?"

"मी कोणालाच पाठवलं नव्हतं, मॅडम."

"त्यांनी म्हणे आधी खिडकीचा पडदा वरखाली करून पाहिला. साहेबांना म्हणाले, अजून छान चालतोय."

मोठीच्या हातातला पेला मध्येच थांबला. त्या क्षणी 'मी ओळखत नाही' असे म्हटले असते तर कदाचित सगळे तिथेच मिटले असते. बाईंच्या चेहऱ्यावर तशी थोडी वाट पाहिल्याची खूणही होती. परंतु खरे बोलावे लागते, हे तिच्यावर लहानपणापासून ज्यांनी बिंबवले होते त्यांच्याविषयीच तर प्रश्न होता.

"वडील," ती म्हणाली.

बाईंनी सुस्कारा सोडला. "धोरण नवीन आहे. उमेदवारासाठी कोणी शब्द टाकला, प्रभाव आणायचा प्रयत्न केला, की अर्ज बाद. साहेबांनी स्वतः कळवलंय. मी काही करू शकत नाही."

"त्यांचा कसला प्रभाव, मॅडम? ते पडदे बसवतात. साहेबांना ते आठवले तरी का?"

"नाही आठवले."

"मग?"

"नियमात ओळख पटली पाहिजे असं कुठे म्हटलंय? प्रयत्न झाला, एवढं पुरतं."

"माझ्या वर्गातला एक मुलगा तुमच्या यादीत आहे. त्याचे मामा तुमचे मोठे ग्राहक आहेत."

"त्याच्यासाठी कोणीही आलेलं नाही," बाई म्हणाल्या.

आणि ते अक्षरशः खरे होते. भाच्यासाठी कोणी येण्याची आवश्यकताच नव्हती. त्याचे मामा आणि साहेब दर रविवारी एकाच तलावावर पोहायला जात. पाण्यात उभे असताना साहेबांनीच विचारले होते, तुमचा भाचा हल्ली काय करतो? हे भाच्याने पुढे स्वतःच आनंदाने सांगितले. या व्यवहारात कोणीही कोणाच्या केबिनमध्ये शिरले नव्हते, कोणी शब्द टाकला नव्हता, आणि नियमाच्या केसालाही धक्का लागला नव्हता.

मोठी घरी आली तेव्हा बाबा दारातच उभे होते. त्यांचे तोंड हसू दाबून दाबून वाकडे झाले होते.

"काय म्हणाले साहेब? तुला सांगितलं नाही, म्हटलं आधी होऊ दे. काल मी जाऊन आलो. मान हलवली त्यांनी. फार बोलले नाहीत, पण मोठी माणसं फार बोलतच नाहीत. झालं ना काम?"

वाटेत तिने मनात पुष्कळ वाक्ये जुळवली होती. त्यातले एकही तोंडातून बाहेर आले नाही. कंपनीत जे घडले ते तिने जसेच्या तसे सांगितले. बाबा ऐकत राहिले. सगळे संपल्यावर त्यांनी त्यातला एकच शब्द उचलला.

"प्रभाव?" ते म्हणाले. "माझा?"

त्यांनी आईकडे पाहिले. आईने यंत्र थांबवले होते.

"यांचा प्रभाव!" ती म्हणाली. "वरच्या टाकीचा नळ बंद करा म्हणून हे चार महिने सांगताहेत, तो वरच्या मजल्यावरचा पोरगा यांच्याकडे वळून बघत नाही." ती हसायला गेली आणि तिला ते जमले नाही. तिने कापड पुन्हा सुईखाली सरकवले, पण यंत्र चालवले नाही.

"मी उद्या जातो," बाबा म्हणाले. "साहेबांना सांगतो, माझं कुठेच काही चालत नाही. पाहिजे तर लिहून देतो. चार शेजाऱ्यांच्या सह्या आणतो."

"बाबा!" मोठी ओरडली. इतका वेळ आवरून धरलेले सगळे त्या एका हाकेतून बाहेर पडले. "कुठेही जाऊ नका. कोणालाही भेटू नका. तुम्ही माझे कोणी लागता हेसुद्धा आता कोणाला सांगू नका. पाया पडते तुमच्या."

बाबांनी मान हलवली. इस्त्रीचा शर्ट त्यांनी काढला, घडी करून कपाटात ठेवला आणि ते पुन्हा सळया कापायला बसले.

एवढ्यावर भागले असते तरी बरे होते. कंपनीला आपली निःपक्षपातीपणाची कीर्ती पसरवायची होती. तिने कॉलेजला कळवले की निवड पूर्ण पारदर्शकपणे झाली, आणि वरून प्रभाव आणू पाहणाऱ्या एका उमेदवाराचा अर्ज, सर्वाधिक गुण असूनही, बाद करण्यात आला. समन्वयक सरांनी ते फलकावर लावले. नाव लिहिलेले नव्हते. पण सर्वाधिक गुण कोणाचे, हे वर्गात कोणाला ठाऊक नव्हते?

"तू तर छुपी रुस्तम निघालीस," भाचा म्हणाला. "थेट साहेबांच्या केबिनपर्यंत ओळख! मामासुद्धा आधी फोन करून जातात."

सरांनी तिला बोलावून घेतले आणि खुर्चीवर बसायला न सांगता बोलले. "तुझ्यासारख्या हुशार मुलीनं असल्या वाटेनं जावं, याचं वाईट वाटतं. वशिल्यानं देशाचं किती नुकसान होतं, कल्पना आहे?"

मोठी त्यांच्या टेबलाच्या कडेकडे पाहत उभी राहिली. वशिला या शब्दाचा अर्थ तिला त्या खोलीत त्या माणसाकडून ऐकावा लागला, याहून अधिक काही सहन करायचे उरले असेल असे तिला वाटेना.

पण उरले होते. दिवस हातातून जात होते. काम सुरू करण्याची शेवटची तारीख एका सोमवारवर येऊन ठेपली. त्यानंतर रुजू झाले तर सत्राअखेरपर्यंत ठरलेले आठवडे भरणारच नव्हते. मोठीचे जेवण सुटले. आई ताट पुढे ठेवी आणि तासाभराने तसेच उचलून नेई. धाकटा एक दिवस म्हणाला, "ताई, मी वर्षभर कुठेतरी काम करतो, मला काही घाई नाही." त्याने ते इतक्या सहजपणे म्हटले की त्याने आधी सराव केला असावा हे कळत होते. मोठी उठून मोरीत गेली आणि नळ सोडून बराच वेळ उभी राहिली.

शनिवारी तिला एक पाटी दिसली होती. औषधांच्या दुकानाच्या वर, अरुंद जिन्याच्या टोकाला, एका लेखापालाचे एकखणी कार्यालय होते. असल्या ठिकाणचे प्रमाणपत्रही कॉलेजला चालत होते. फक्त वर्गातल्या कोणावर ते आणण्याची पाळी आली नव्हती. सोमवारी सकाळी ती निघाली तेव्हा बाबाही चपला घालू लागले.

"मी वर येणार नाही," तिने विचारण्याआधीच ते म्हणाले. "तू काही खाल्लं नाहीस. वाटेत चक्कर आली तर? मी खालीच थांबेन. बोलणार नाही कोणाशी."

लेखापाल उतारवयाचे होते आणि फायलींच्या दोन ढिगांमधून कसेबसे दिसत होते. त्यांनी तिचे गुणपत्रक पाहिले, परत केले आणि विचारले, "कोणाकडून आलीस?"

"कोणाकडून नाही, सर. माझी मीच."

"ओळख कोणाची?"

"कोणाचीच नाही. माझ्यासाठी कोणी तुमच्याकडे येणार नाही, शब्द टाकणार नाही. मी खात्री देते."

लेखापालांनी चष्मा कपाळावर चढवला. "असली खात्री घेऊन मी काय करू? मुली, इथे लोकांचे व्यवहार असतात. कपाटाच्या किल्ल्या हातात द्याव्या लागतात. मागचा पोरगा कागद उचलून समोरच्या पार्टीकडे गेला. तेव्हापासून ठरवलंय, घरचं माणूस समोर उभं राहिल्याशिवाय कोणाला घ्यायचं नाही. आई, बाप, काका, कोणी आहे की नाही तुला?"

"आहेत," ती म्हणाली. "खालीच आहेत. आत्ता आणते."

लेखापालांना तेवढाही धीर नव्हता. ते तिच्याबरोबरच जिन्याच्या तोंडाशी आले आणि वाकून ओरडले, "अहो! तुम्ही या मुलीचे कोण?"

बाबा भिंतीला टेकून उभे होते. ते दचकले. त्यांनी वर पाहिले. आधी लेखापालांकडे, मग मोठीकडे.

"कोणी नाही, साहेब," ते म्हणाले. "ऊन आहे म्हणून जरा टेकलो होतो."

"बाबा!"

त्यांनी तिला घाईघाईने मान हलवून गप्प राहण्याची खूण केली, लेखापालांना नमस्कार केला आणि ते रस्त्यावर चालते झाले. म्हातारी होऊ लागलेली माणसे घाईत चालतात तसे, एक खांदा पुढे काढून.

मोठी जिना दोन दोन पायऱ्यांनी उतरली. औषधांच्या दुकानापासून बऱ्याच अंतरावर तिने त्यांची बाही पकडली.

"कशाला आलीस?" ते कुजबुजले. "बघतील ते. मी नाही काही सांगितलं."

"बाबा, इथे घरचं माणूस लागतं. त्यांनी मागितलंय. वर चला."

"नक्की? तिथेही चालेल असंच वाटलं होतं गं."

"चला म्हणते ना!"

ती त्यांना बाहीला धरूनच वर घेऊन आली. लेखापाल दाराच्या चौकटीत हाताची घडी घालून उभे होते.

"आता झालात का बाप?" ते म्हणाले. "बापच मुलीला ओळख देत नाही आणि मी तिच्या हातात किल्ल्या देऊ? जा बाबांनो, मला कामं आहेत."

तेव्हा मोठी बोलली. उंबरठ्यावर उभ्या उभ्या, धाप लागलेली असताना, तिने पडद्यापासून फलकापर्यंत सगळे सांगितले. मांडणी नव्हती, क्रम नव्हता. मागचे पुढे आणि पुढचे मागे होत होते. "यांनी नाही म्हटलं ते मी सांगितलं होतं म्हणून," हे तिने दोनदा सांगितले. "आज सुरू झालं नाही तर संपलं, सर. माझं नाही, माझ्या भावाचं."

लेखापालांनी चष्मा डोळ्यांवर ओढून बाबांकडे पाहिले. बाबा चपला काढून, शर्टाचे शेवटचे बटण चाचपत उभे होते.

"हकिकत खोटी असेल तर बेमालूम आहे," लेखापाल म्हणाले. "खरी असेल तर वाईट आहे. आत या."

त्यांनी अटी सांगितल्या. पैसा एकही मिळणार नाही. बसायला झेरॉक्स मशीनशेजारचे स्टूल. यायचे सगळ्यांच्या आधी, जायचे सगळ्यांच्या नंतर. प्रमाणपत्र शेवटी, तेही त्यांचे समाधान झाले तरच. त्याबद्दल आज कसलेही वचन नाही. आणि एक जरी कागद इकडचा तिकडे झाला, तर ते थेट बापाला धरतील. मोठी प्रत्येक अटीला हो म्हणत गेली. त्यांनी याहून दहा अटी घातल्या असत्या तरी ती हो म्हणाली असती, हे तिला कळत होते आणि त्यांनाही.

लेखापालांनी कोऱ्या कागदावर दोन ओळी खरडल्या: सदर मुलीच्या वागणुकीस मी, तिचा बाप, जबाबदार राहीन. कागद बाबांसमोर सरकवला, वर पेन ठेवले. "करा सही."

बाबांनी पेन उचलले. कागदाच्या तळाशी नेले आणि तिथेच, टेकवण्याआधी, थांबवले. लेखापाल फाइल उघडून कामाला लागले होते. बाबा मोठीकडे झुकले.

"मोठे," त्यांनी अगदी हळू विचारले, "करू ना सही? बाद तर नाही ना होणार?"

तिने मान हलवली. त्यांना तेवढे पुरले नाही. ती तोंडाने 'करा' म्हणेपर्यंत ते पेन तसेच अधांतरी धरून बसून राहिले.